साठा कुठून भरायचा, हे ठरवते कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साठा किती ठेवावा यावर सर्वत्र भरपूर बोलले जाते. तो कमी झाल्यावर कुठून भरावा यावर फारच कमी. अनेक पायऱ्यांच्या पुरवठा साखळीत एखाद्या ठिकाणचा माल खालावला की मागणी आधी कोणाकडे जायची, तिथे माल नसेल किंवा उशीर होणार असेल तर पुढे कोणाकडे वळायचे, आणि हा क्रम कोणी, कधी व कशाच्या आधारे ठरवला, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. साठा-नियोजनाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, तुटवड्याच्या पुष्कळशा घटनांत माल साखळीत कुठेतरी असतो, मागणी मात्र भलत्याच ठिकाणी अडकून पडलेली असते. पुरवठा स्रोतांचा अग्रक्रम हा धोरणाचा निर्णय आहे. प्रत्यक्षात तो संगणकप्रणाली बसवण्याच्या घाईत, भरायच्या शेकडो रकान्यांपैकी एक रकाना म्हणून उरकला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याकडे कोणी पाहत नाही. आपल्या दैनिकाच्या वाचकांत भांडारपाल, खरेदी अधिकारी, औषध वितरक, कारखान्यांतील नियोजक असे अनेक जण असतील. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कामावर ज्यांचे बरेच काही अवलंबून असते अशा सर्वसामान्य वाचकांसाठीही हा विषय सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

रचना आधी थोडक्यात सांगतो. शेवटच्या टोकाला प्रत्यक्ष वापर किंवा विक्री करणारे केंद्र असते, त्याला माल देणारा विभागीय डेपो, डेपोला देणारे मध्यवर्ती गोदाम, आणि गोदामाला देणारा स्वतःचा कारखाना किंवा बाहेरचा पुरवठादार. औषधे असोत वा यंत्रांचे सुटे भाग, ही उतरंड थोड्याफार फरकाने सारखीच असते. प्रत्येक पायरीवर प्रत्येक वस्तूसाठी एक किंवा अधिक स्रोत नोंदवलेले असतात. नोंदवण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. एका पद्धतीत स्रोतांना क्रमांक दिले जातात आणि पहिला अपुरा पडला तरच दुसऱ्याकडे जायचे असते. दुसऱ्या पद्धतीत मागणी ठरावीक प्रमाणात, समजा ७० आणि ३० टक्के अशी, दोघांत वाटली जाते. मोठ्या ईआरपी, म्हणजे संस्थेचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या, संगणकप्रणालींमध्ये या दोन्ही सोयी फार पूर्वीपासून आहेत, शिवाय ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंत एखादा स्रोत लागू ठेवण्याचीही सोय असते. म्हणजे साधनांची उणीव नाही. ती विचारपूर्वक वापरणाऱ्यांची आहे.

हा क्रम कसा फसतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. एका डेपोला एका औषधाची १२० खोकी सहा दिवसांत हवी आहेत. रात्री नियोजनाची प्रक्रिया, म्हणजे प्लॅनिंग रन, चालते. पहिल्या क्रमांकाचा स्रोत मध्यवर्ती गोदाम असून तिथे ३०० खोकी हातात असल्याचे दिसते. प्रणाली १२० खोक्यांची ट्रान्सफर ऑर्डर, म्हणजे गोदामातून डेपोला माल हलवण्याचा आदेश, काढते आणि या डेपोची गरज भागली असे धरून पुढच्या ओळीकडे वळते. पण त्या ३०० पैकी २८० खोकी इतर डेपोंच्या आधीच्या ऑर्डरींसाठी राखून ठेवलेली असतात. सकाळी गोदामातला कर्मचारी यादी घेऊन रॅकपाशी जातो, मोकळी असलेली २० खोकी पाठवतो आणि उरलेली १०० प्रलंबित म्हणून नोंदवतो. इथवर एकवेळ ठीक आहे. खरे नुकसान पुढे होते. डेपोच्या पडद्यावर ती १०० खोकी 'येणे' या बाजूला दिसत राहतात आणि येणे दिसत असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाच्या पुरवठादाराकडे, ज्याच्याकडून चार दिवसांत माल पोहोचला असता, मागणी जातच नाही. दुसरा स्रोत नोंदवलेला होता, त्याच्याकडे माल होता, वेळही होता. तरीही डेपो सातव्या दिवशी रिकामा.

अशा प्रसंगी संगणकावर खापर फोडले जाते. पण संगणकाने त्याला सांगितले तेच केले. 'उपलब्ध' या शब्दाचा अर्थ त्याला हातातला सगळा माल असा शिकवला गेला होता. वास्तविक, स्रोताकडील उपलब्ध माल काढताना हातातल्या मालातून आधीच राखून ठेवलेला माल वजा करायला हवा, गरजेच्या तारखेच्या आत निश्चितपणे येणारा माल त्यात मिळवायला हवा, आणि त्या स्रोताचा स्वतःचा सुरक्षा साठा, म्हणजे अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला माल, मोजणीत धरायचा की नाही हे वस्तूनुसार आधीच ठरलेले असायला हवे. हा हिशेब नीट झाला असता तर त्याच रात्री २० खोक्यांची ट्रान्सफर ऑर्डर गोदामाकडे आणि १०० खोक्यांची खरेदी ऑर्डर पुरवठादाराकडे गेली असती. अर्थात तिथेही आणखी एक प्रश्न उभा राहतो. पुरवठादाराची किमान ऑर्डर ५०० खोक्यांची असेल तर? १०० ची गरज असताना ५०० घ्यायची की गोदामात माल येईपर्यंत थांबायचे, याचे उत्तर कोणत्याही सूत्रात मिळणार नाही. ते त्या औषधावाचून काय अडते, त्याची मुदत किती उरते आणि जास्तीची ४०० खोकी दुसऱ्या डेपोंना चालतील का, यावर अवलंबून आहे. म्हणूनच हा क्रम ठरवताना नुसता डेटा भरणारा माणूस पुरत नाही. वस्तूचा वापर जाणणारा माणूस त्या टेबलापाशी बसलेला असावा लागतो.

आता अशा मुद्द्याकडे वळतो जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. स्रोताचा क्रम आणि रीऑर्डर पातळी, म्हणजे साठा जिथवर उतरला की नवी मागणी नोंदवायची ती पातळी, या दोन गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर, बहुधा वेगवेगळ्या माणसांकडून ठरवल्या जातात. प्रत्यक्षात त्या एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. रीऑर्डर पातळी म्हणजे माल येईपर्यंतच्या काळातली सरासरी मागणी अधिक सुरक्षा साठा. एका वस्तूची रोजची सरासरी मागणी ४० नग आणि तिच्या दैनंदिन चढउताराचे प्रमाण विचलन, म्हणजे मागणी सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होते त्याचे माप, १० नग आहे असे धरू. पहिल्या स्रोताकडून माल यायला ९ दिवस लागतात. ९५ टक्के सेवापातळीसाठी, म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा नवा माल येईपर्यंत तुटवडा पडू नये यासाठी, गुणक १.६५ घेतला, तर सुरक्षा साठा १.६५ गुणिले १० गुणिले ९ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ५० नग, आणि रीऑर्डर पातळी ३६० अधिक ५०, म्हणजे ४१० नग येते. दुसऱ्या स्रोताकडून माल यायला २५ दिवस लागत असतील, तर त्याच सेवापातळीसाठी सुरक्षा साठा सुमारे ८३ आणि रीऑर्डर पातळी १,०८३ नग व्हायला हवी. प्रणालीत मात्र ४१० हा एकच आकडा भरलेला असतो. साठा ४१० वर येतो, पहिला स्रोत हात वर करतो, मागणी आज्ञाधारकपणे दुसऱ्याकडे जाते आणि सगळे निश्चिंत होतात. ४१० नग जेमतेम दहा दिवस पुरतात. नवा माल पंचविसाव्या दिवशी येणार असतो. मधले पंधरा दिवस तुटवड्याचे, आणि ते त्याच क्षणी ठरून गेलेले असतात.

यावरून असे दिसते की, दुसऱ्या क्रमांकाच्या स्रोताकडे वळण्याचा क्षण हा साठा रीऑर्डर पातळीला पोहोचण्याचा क्षण असू शकत नाही. पहिला स्रोत अडचणीत आहे याची चाहूल लागते, तोच तो क्षण. त्यासाठी पहिल्या स्रोताकडील साठा, त्याच्या प्रलंबित ऑर्डरी आणि त्याचा स्वतःचा भरणा यांवर खालच्या पायरीची नजर असायला हवी. क्रमांक दोनचा स्रोत जितका दूरचा, तितकी ही नजर लांबवर जायला हवी. ज्या स्रोताचा कालावधी रीऑर्डर पातळीच्या हिशेबात कुठेच धरलेला नाही, तो स्रोत त्या तक्त्यात असून नसल्यासारखाच असतो.

अग्रक्रम ठरवताना दर आणि सरासरी कालावधी या दोनच गोष्टींची तुलना करण्याची सवयही अशीच घातक आहे. वरच्याच उदाहरणात ९ दिवसांचा स्रोत वक्तशीर नसेल आणि त्याच्या कालावधीचे प्रमाण विचलन २ दिवस असेल, तर सुरक्षा साठ्याचे गणित पार बदलते. मागणीच्या चढउतारामुळे ९ गुणिले १०० म्हणजे ९००, आणि कालावधीच्या अनिश्चिततेमुळे ४० चा वर्ग गुणिले २ चा वर्ग म्हणजे ६,४००; या दोहोंच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ८५, आणि १.६५ ने गुणल्यावर सुरक्षा साठा १४१ नग येतो. पन्नासाचा थेट एकशे एक्केचाळीस! याउलट १६ दिवस घेणारा पण दिलेला शब्द पाळणारा स्रोत असेल, तर सुरक्षा साठा ६६ नगांत भागतो. वाटेत असलेला माल त्याच्या बाबतीत अधिक राहतो, हे मान्य केलेच पाहिजे. ९ दिवसांच्या स्रोतात ३६० नग वाटेत असतील, तर इथे ६४० असतील. पण पोहोच होईपर्यंत माल पुरवठादाराच्या मालकीचा असेल, तर तो भार आपल्यावर पडत नाही. तेव्हा कोणता स्रोत पहिला, हा निर्णय दरपत्रकावरून किंवा पुरवठादाराने सांगितलेल्या दिवसांवरून न करता, त्याच्या मागच्या ऑर्डरींच्या प्रत्यक्ष पोहोच तारखांवरून करायला हवा. या तारखा माल स्वीकारताना नोंदवलेल्या असतातच. त्या उघडून पाहण्याचे कष्ट मात्र फार थोड्या ठिकाणी घेतले जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

एका पायरीचा विचार इतका गुंतागुंतीचा असताना अनेक पायऱ्या एकत्र पाहणे अधिकच कठीण असणार, हे उघड आहे. या प्रश्नाला भक्कम गणिती पाया १९६० साली अँड्र्यू क्लार्क आणि हर्बर्ट स्कार्फ या संशोधकांनी दिला. कोणत्याही पायरीचा साठा मोजताना त्या ठिकाणचा माल तेवढा मोजून भागत नाही, तर तिच्याखालच्या सर्व पायऱ्यांवरचा आणि वाटेतला मालही त्यात धरावा लागतो, ही त्यांच्या मांडणीतली कळीची कल्पना. ती ध्यानात घेतली की पुष्कळ गोंधळ आपोआप सुटतो. मध्यवर्ती गोदाम खालून ऑर्डर येण्याची वाट पाहत बसले, तर डेपोंनी आपापल्या सोयीने गोळा करून पाठवलेल्या मोठ्या ऑर्डरींनाच ते खरी मागणी समजते. महिनाभर शांतता आणि मग एकदम झुंबड, असे चित्र त्याला दिसते आणि त्यावरून ते आपल्या पुरवठादाराला त्याहून मोठे हेलकावे देते. शेवटच्या टोकाचा वापर मात्र रोज जवळपास सारखाच चाललेला असतो. त्या वापरावर नजर ठेवली, तर वरच्या पायरीला आपला भरणा आधीच सुरू करता येतो आणि खालच्या पायरीचा पहिला स्रोत ऐनवेळी रिकामा सापडण्याची वेळ कमी येते.

याच विचारातून पुढे येते की, सर्व वस्तूंना एकच क्रम लावणे चूक आहे. नऊ डेपोंची मागणी साधारण सारखी आणि एकमेकींपासून स्वतंत्र असेल, तर नऊ ठिकाणी वेगवेगळा सुरक्षा साठा ठेवण्याऐवजी तो एकत्र ठेवल्यास सुमारे एकतृतीयांश साठ्यात तीच सेवापातळी गाठता येते, कारण चढउतार एकमेकांना काही अंशी भरून काढतात. त्यामुळे महागड्या आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूंसाठी मध्यवर्ती गोदाम हा पहिला स्रोत असणे अगदी योग्य ठरते. पण रोज मोठ्या प्रमाणात जाणाऱ्या, जागा खाणाऱ्या वस्तूंचा माल गोदामात उतरवून, रचून, पुन्हा चढवून डेपोला पाठवण्यात काय हशील? त्यांच्यासाठी पुरवठादाराकडून थेट डेपो हा पहिला क्रमांक आणि गोदाम दुसरा, अशी उलट मांडणी अधिक शहाणपणाची असते. दुरुस्त होऊ शकणाऱ्या सुट्या भागांच्या बाबतीत तर दुरुस्ती विभाग हाच एक स्रोत असतो. तिथे दुरुस्तीला गेलेले भाग येत्या आठवड्यात परत येणार असतानाही नव्याची खरेदी होते, कारण स्रोतांच्या यादीत दुरुस्ती विभागाचे नावच नसते. क्रेग शेरब्रुक या संशोधकाने १९६८ साली अमेरिकी हवाई दलाच्या सुट्या भागांसाठी तळ आणि मध्यवर्ती डेपो अशा दोन पायऱ्यांचे जे प्रतिमान मांडले, त्यात दुरुस्ती हा केंद्रस्थानी असलेला घटक होता. तेव्हापासून इतका काळ लोटला, तरी अनेक भांडारांत हा स्रोत अजून उपराच आहे.

शेजारच्या डेपोकडून माल घेणे, हा पर्याय कागदावर फार आकर्षक दिसतो. अंतर कमी, वेळ कमी, खरेदी करावी लागत नाही. म्हणून काही ठिकाणी त्याला सरसकट पहिला क्रमांक दिला जातो. यातला धोका माणसांच्या वागण्यात आहे आणि म्हणूनच तो कोणत्याही अहवालात दिसत नाही. जो डेपो-प्रमुख आपला साठा काळजीपूर्वक सांभाळतो, त्याच्याचकडचा माल वारंवार उचलला जातो. जो निष्काळजी असतो, त्याची उणीव परस्पर भरून निघते. असे काही वेळा झाले की काळजी घेणारा प्रमुख शहाणा होतो. आलेल्या मालाची पोहोच तो दोन दिवस उशिरा नोंदवू लागतो, थोडा माल तपासणीत असल्याचे दाखवतो, नसलेल्या मागणीपोटी काही खोकी राखून ठेवतो. थोड्याच काळात पडद्यावरचा साठा आणि रॅकवरचा साठा यांची फारकत होते, आणि मग सबंध साखळीतल्या कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. मी त्या प्रमुखाला दोष देणार नाही. नियमच तसा होता. डेपोंमधल्या देवाणघेवाणीला वरचा क्रम द्यायचाच असेल, तर देणाऱ्याच्या स्वतःच्या भरण्याच्या काळात लागणारा माल आणि त्याचा सुरक्षा साठा वगळून उरेल तेवढ्यालाच हात लावायचा, मुदत जवळ आलेला माल आधी हलवायचा, आणि वाहतुकीचा खर्च मागणाऱ्याच्या खाती घालायचा, एवढे तरी लेखी ठरलेले असावे.

स्रोताचा अग्रक्रम आणि मागणाऱ्याचा अग्रक्रम हे एकाच प्रश्नाचे दोन चेहरे आहेत, हेही इथे नोंदवायला हवे. नऊच्या नऊ डेपोंचा पहिला स्रोत एकच गोदाम असेल आणि गोदामात सगळ्यांना पुरेल इतका माल नसेल, तर तो कोणाला द्यायचा? नियम ठरलेला नसला की ज्याची ऑर्डर आधी नोंदली गेली त्याला सगळे मिळते आणि शेवटच्याला काहीच नाही. प्रत्येकाचा साठा किती दिवस पुरेल हे काढून, सर्वांचे दिवस शक्य तितके सारखे राहतील अशी वाटणी करणे अधिक न्याय्य आहे. ज्या ठिकाणी वस्तूवाचून जीव धोक्यात येतो, त्याला त्याही आधी. रुग्णालयांच्या भांडारांत औषधांची अत्यावश्यक, आवश्यक आणि इष्ट अशी तीन गटांत वर्गवारी करण्याची जी जुनी पद्धत आहे, तिचा उपयोग इथे व्हायला हवा. ही वर्गवारी खरेदीच्या फायलीत असते, वाटपाच्या नियमात उतरत नाही.

दुसरा स्रोत नावापुरता ठेवण्याचे परिणाम उद्योगजगताने मोठ्या प्रमाणावर भोगले आहेत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमध्ये बसणारा एक लहानसा व्हॉल्व्ह तिथे तयार होत असे आणि टोयोटाला लागणारे जवळपास सगळे व्हॉल्व्ह तिथूनच जात. साठा अगदी थोडा ठेवण्याच्या पद्धतीमुळे टोयोटाचे उत्पादन काही दिवसांतच ठप्प झाले. डझनावारी कंपन्यांनी एकत्र येऊन तो व्हॉल्व्ह आपापल्या यंत्रांवर बनवायला घेतला, म्हणून गाडी लवकर रुळावर आली. पण ती किमया अनेक वर्षांच्या परस्पर संबंधांची होती आणि प्रत्येक साखळीला ती साधेल असे मुळीच नाही. पुढे १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीच्या फिलिप्स कारखान्यात वीज पडून लागलेली आग काही मिनिटांत विझली, मात्र धूर आणि पाण्याने चिप तयार करण्याच्या स्वच्छ कक्षांचे नुकसान झाले. नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल फोन बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या तिथून चिप घेत. नोकियाने पहिल्या चाहुलीलाच पाठपुरावा सुरू करून मागणी इतर कारखान्यांकडे वळवली. एरिक्सनकडे त्या भागासाठी पर्यायी स्रोत नव्हता आणि तिला मोठा तोटा सोसावा लागला. एकाच आगीचे दोन कंपन्यांवर इतके वेगळे परिणाम झाले, ते आगीच्या कितीतरी आधी घेतलेल्या निर्णयांमुळे.

या घटनांवरून 'दोन पुरवठादार ठेवा' एवढाच बोध घेतला जातो, तो अपुरा आहे. ज्याला वर्षानुवर्षे एकही ऑर्डर गेलेली नाही, तो दुसऱ्या क्रमांकाचा पुरवठादार तुमच्यासाठी यंत्र मोकळे ठेवत नाही, कच्चा माल साठवत नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी त्याच्या नमुन्याची गुणवत्ता-मंजुरीही जुनी झालेली असते. त्याला नियमितपणे थोडा वाटा, दहा-वीस टक्के का होईना, द्यावा लागतो. तो वाटा थोडा महाग पडतो, पण त्यातून स्रोत खरोखर जिवंत असल्याची खात्री दर महिन्याला मिळते. शिवाय पहिला आणि दुसरा पुरवठादार आपला कच्चा माल एकाच तिसऱ्या कारखान्याकडून घेत असतील, किंवा दोघांचाही माल एकाच बंदरातून येत असेल, तर ते दोन स्रोत संकटाच्या दिवशी एकच असतात. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे एक जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा कागदावर वेगवेगळे असलेले कितीतरी स्रोत एकाच रांगेत खोळंबले होते.

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल की, मग रोज रात्री प्रणालीलाच सर्वांत योग्य स्रोत निवडू द्यावा. मला हे पटत नाही. साठ्यात किंवा दरात किंचित फरक पडला की आज गोदाम, उद्या पुरवठादार, परवा शेजारचा डेपो, असा क्रम उलटसुलट होऊ लागतो. काढलेल्या ऑर्डरी रद्द होतात, पुरवठादार वैतागतात आणि शेवटी नियोजक प्रणालीकडे दुर्लक्ष करून वहीतल्या हिशेबावर चालू लागतात. जवळच्या काही दिवसांतला क्रम गोठवलेला असावा आणि तो बदलायचा तर माणसाच्या सहीने बदलावा. दोन डेपो एकमेकांना पहिला स्रोत म्हणून दाखवत असल्याची वर्तुळेही अनेक तक्त्यांत सापडतात. अशा वेळी गणना कोणत्या पायरीपासून सुरू करायची हेच प्रणालीला कळत नाही. ती थांबली तर नशीब, नाहीतर मागणी नुसती एकीकडून दुसरीकडे फिरत राहते. ही तपासणी एका दुपारचे काम आहे आणि ती न करण्याला कोणतीही सबब नाही.

माझी विनंती अशी आहे की, निदान अत्यावश्यक वस्तूंसाठी तरी प्रत्येक ठिकाणच्या स्रोतक्रमासमोर तो ठरवण्याचे कारण, ठरवल्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. वर्षातून एकदा होणाऱ्या औपचारिक आढाव्यावर विसंबू नये. पुरवठादाराचा कालावधी बदलला, नवा डेपो सुरू झाला, वाहतुकीचा मार्ग बदलला की त्या त्या वेळी क्रम तपासला जावा. नियोजकांनी प्रणालीने सुचवलेला स्रोत बाजूला सारून हाताने दुसरा निवडला, तर त्याची नोंद ठेवावी. एकाच वस्तूच्या बाबतीत हे वारंवार होत असेल, तर नियोजक चुकत नसून तक्ता चुकीचा आहे, असे समजायला हरकत नाही.

आणि सार्वजनिक खरेदी करणाऱ्या संस्थांसाठी खास एक गोष्ट. सर्वांत कमी दर देणाऱ्यालाच संपूर्ण ऑर्डर, हा नियम अत्यावश्यक वस्तूंना लागू केला की दुसरा स्रोत तयार होण्याची वाट निविदेच्या टप्प्यावरच बंद होते. मग नियोजकाने तक्त्यात कितीही विचारपूर्वक क्रम मांडला, तरी त्याला मांडायला दुसरे नाव उरत नाही. अशा वस्तूंच्या निविदेतच मागणीचा काही हिस्सा दुसऱ्या पात्र पुरवठादारासाठी राखून ठेवावा, दोघांचा कच्चा माल कुठून येतो हे जाहीर करणे बंधनकारक असावे, आणि पहिल्याकडून ठरल्या तारखेनंतर किती दिवस वाट पाहून उरलेली मागणी दुसऱ्याकडे वळवायची, तो दिवसांचा आकडा करारात स्पष्ट लिहिलेला असावा.

आपला विश्वासू,
साठा-नियोजनाच्या क्षेत्रातील एक वाचक